डावखुऱ्याचं कापड

ये, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण जवळ बस, कारण आधी तुला बोलून घेणार आहे आणि मग लिहिणार आहे. फोनवर हसलीस ना गं तू? दिवाळी अंकाला लेख मागायला फोन केलास, पाठीमागं माझ्या घरात रेकॉर्ड चालू होती, तो आवाज ऐकलास आणि म्हणालीस, मावशी, या वयात हा इंग्रजी दंगा कसला, तुम्ही आपलं चादरीवर लिहा. वर आणि तीन महिने झाले, या घराची पायरी चढली नाहीस. सख्ख्या शेजाऱ्याची पोर तू, याच अंगणात पडून गुडघे फोडून घेतलेस, आणि आता संपादक झालीस तर फोनवर कामं सांगतेस.

बरं, लिहिते चादरीवरच. पण त्या दंग्याशिवाय ती चादर सांगता येत नाही, आणि ती सांगायची म्हणजे मी किती भ्याले तेही सांगावं लागणार. लोकांना वाटतं भीती म्हणजे विजेच्या तारा, उंच शिड्या. माझं काम तर मांडी घालून बसायचं होतं. तरी सांगते, चाळीस वर्षांत धास्ती घेतल्याशिवाय एक नग माझ्या हातून बाहेर गेला नाही.

काम काय ते आधी सांगते, म्हणजे तुझे पुण्या-मुंबईचे वाचक मध्येच उठून जायचे नाहीत. कापडावर मोर दिसतो, देव दिसतो, माणसाचं तोंड दिसतं, ते छापलेलं नसतं. धाग्यातच विणलेलं असतं. कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे मागाला सांगावं लागतं, आणि ते सांगायचं यंत्र म्हणजे जकार्ड. आम्ही आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढतो, त्याला ग्राफ म्हणतात. बारीक बारीक चौकोन, एक चौकोन म्हणजे एक धागा. उचलायचा धागा असेल तो चौकोन लाल रंगवायचा. मग एकेक ओळ वाचत पुठ्ठ्याच्या लांब पट्टीला भोकं पाडायची. एका ओळीचं एक कार्ड. भोक असलं की धागा उचलला जातो, नसलं की बसून राहतो. अशी हजारावर कार्डं दोरीत ओवायची आणि मागाच्या डोक्यावर चढवायची. एक भोक चुकलं तर नाकावर ठिपका. दोन कार्डं ओवताना मागंपुढं झाली तर कपाळावरनं आडवी रेघ. माढ्याच्या एका नवरदेवाला, त्याचं चित्र विणताना, मी असंच कपाळावर गंध लावून पाठवलं होतं. बिचारा म्हणाला, चालतंय, लग्नातलंच वाटतंय.

मी हे कुठल्या शाळेत शिकले नाही. सातवी झालेली. लग्न होऊन गावाच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आले तेव्हा शेजारी एक म्हातारे डिझायनर राहायचे, त्यांचे ब्रश धुऊन द्यायची. धुता धुता बघायची, आणि त्यांचे डोळे गेले तेव्हा त्यांचा हात मी झाले. पुढं सगळ्या कारखान्यांत मला ग्राफवाली म्हणायला लागले. बायामाणसांत हे काम करणारी दुसरी कुणी मला तरी भेटली नाही.

आता खरी मेख सांगते. आमच्याकडं चित्राची सुलटी बाजू खाली ठेवून विणतात. वरनं तेल गळतं, कापसाची कुसं पडतात, ते तोंडावर पडू नये म्हणून. म्हणजे माग चालू असताना जे वर दिसतं ती मागची बाजू. खालची बाजू उलटी निघणार, डाव्याचं उजवं होणार, म्हणून ग्राफच उलटा काढायचा. उलटा काढला की सुलटा निघतो. हे सांगायला सोपं आहे. रोज शंभर वेळा डोक्यात उलटसुलट करणाऱ्या माणसाला विचार.

एकदा मी विसरले. गणपतीचं कापड होतं, पातळ, भिंतीवर लावायचं, साठ नग. ग्राफ सुलटाच काढला गेला माझ्याकडनं. माग सुरू झाल्यावर मी नेहमीप्रमाणं मागाखाली वाकून हातातला आरसा धरला, खालची बाजू बघायला. आरशात गणपती छान दिसला, डाव्या सोंडेचा, हवा तसा. मी निर्धास्त घरी आले. आरसा पण उलटं दाखवतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. साठच्या साठ उजव्या सोंडेचे निघाले, आणि कारखान्याच्या शेटजींनी न उघडता ते घरोघरी वाटले.

उजव्या सोंडेचा गणपती घरात आला म्हणजे किती कडक सोवळं, किती जपणूक, तुला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी माझ्या दारात माणसं. कुणी ओरडत नव्हतं, तेच वाईट होतं. एका बाईचं पोर तापानं फणफणलं होतं, तिनं ते कापड दोन हातांवर धरून माझ्यापुढं केलं आणि म्हणाली, ताई, ठेवता येईना आणि टाकता पन येईना, काय करू सांगा. पातळ कापड ते, मागच्या बाजूला नुसते लोंबते धागे, म्हणून उलटं करूनही लावता येईना. देवाचं कापड फाडता तर येतच नाही. शेवटी सगळे नग गोळा करून एका देवळात वाहिले. पोराचा ताप उतरला. माझा नाही उतरला. तेव्हापासून कुठलंही चित्र हातात आलं की मी आधी बघते, हे सुलटं आहे ना? शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला, बटणपट्टी कशी, घड्याळ कुठल्या हातात, मागं पाटी असली तर अक्षरं वाचता येतात का. एवढं झाल्याशिवाय ब्रश ओला करत नाही.

ही सवय चांगली होती. तिनंच माझा घात केला.

पुढं कंप्युटर आला आणि माझं काम गेलं. आता पोरं पडद्यावर चित्र काढतात, कार्डंच नाहीत, माग थेट तारेवरनं समजून घेतो. चांगलंच आहे, मी रडत नाही. भोकं पाडायचं यंत्र तेवढं मी विकलं नाही, खिडकीशी ठेवलंय, त्याच्यावर तुळशीच्या बिया वाळत घालते.

तर एक दिवस सलीमभाई आले. रेडिओ दुरुस्तीचे सलीमभाई, तू लहानपणी त्यांच्या दुकानातनं चुंबक मागून आणायचीस. वय झालं आता, दुकान मुलाकडं आहे. खाली बसले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "आपा, एक काम हाय. पन राजेशमला कळता कामा नये."

राजेशमअण्णांना मी नावानंच ओळखत होते. चादरीवाल्या घराण्यातले, तेलुगू बोलणारे, मोठे अबोल. त्यांच्या घरी दर रविवारी तीन-चार म्हातारे जमतात आणि विलायतेतल्या एका बँडच्या रेकॉर्डी ऐकतात, हे सगळ्या पेठेला माहीत होतं. कॉलेजात होते तेव्हापासून. बँड तोच, रेकॉर्डी त्याच, एवढी वर्षं. त्या बँडचा ढोलवाला वारला तेव्हा ह्या लोकांनी तेराव्याला जेवण घातलं होतं. अण्णांच्या बायकोनं, लक्ष्मीनं, पुरणाचा घाट घातला आणि मग विचारलं म्हणे, पण भावकीतलं नेमकं गेलं कोण?

मी सलीमभाईंना विचारलं, असतं काय त्या गाण्यात? ते म्हणाले, गाणं दुःखाचं, पण रडत बसायचं नाही, ठोकून काढायचं. आणि मग एक गोष्ट सांगितली ती मला पटली. म्हणाले, राजेशमचं घर म्हणजे कारखाना, सगळा जन्म खटाक-खटाक ऐकण्यात गेला. दुसरं कुठलंही गाणं लावलं की ते मागाच्या आवाजात बुडून जायचं. हे एकच होतं की जे मागाच्या ठोक्यावर चढून बसायचं.

आता अण्णा मुलीकडं विलायतेला निघाले होते. त्या बँडमधला गिटारवाला अजून आहे, ऐंशीला टेकलाय, त्याचा शेवटचा कार्यक्रम होणार होता आणि मुलीनं तिकीट काढलं होतं. जायच्या आधी मित्राला काहीतरी द्यायचं, म्हणून त्या गिटारवाल्याचं तरुणपणचं चित्र विणून पाहिजे होतं. चादरीसारखं जाड, दुहेरी विणीचं, काळं आणि सायीच्या रंगाचं. मी म्हटलं, कंप्युटरवाल्याकडं जा, दोन दिवसांत देईल.

"कंप्युटर नको हमना," सलीमभाई म्हणाले. "राजेशमला हाताचं कळतं. भोकं पाडलेलं पायजे."

मला हे ऐकून काय वाटलं ते सांगत नाही. गेली आठ-दहा वर्षं मला कुणी भोकं पाडायला सांगितलं नव्हतं. मी तुळशीच्या बिया काढल्या आणि यंत्राला तेल घातलं.

सलीमभाईंनी फोटो दिला, एका जुन्या रेकॉर्डच्या वेष्टणावरनं कापलेला. उंच, हडकुळा माणूस, खांद्यापर्यंत काळे केस, डोळे मिटलेले, गिटार पोटाशी. अंगात नुसती बंडी. खिसा नाही, बटण नाही, घड्याळ नाही. मागं सगळा अंधार, एक अक्षर नाही. माझी एकही खूण चालेना. आणि गिटारचा दांडा आपल्या डाव्या बाजूला गेलेला.

टीव्हीवर मी जेवढे गिटारवाले बघितले होते, त्यांचा दांडा आपल्या उजव्या बाजूला असायचा. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मनात आलं, फोटो उलटा छापलाय. छापखान्यात होतं असं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि डोळ्यांपुढं आले ते साठ गणपती. मी ते तसंच्या तसं विणलं असतं आणि ह्या लोकांनी, ज्यांनी त्या माणसाची नखं पण पाठ केलेली आहेत, त्यांनी एकमेकांकडं बघितलं असतं, म्हातारीनं उलटा विणला म्हणून.

एक फोन करायचा होता गं. सलीमभाई, हा माणूस कुठल्या हातानं वाजवतो, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी हाताचं काम मागायला आलंय, आणि पहिल्या दिवशीच आपलं अज्ञान कशाला दाखवा, असं वाटलं. मी माझ्या हुशारीनं तो सरळ केला. दांडा उजव्या बाजूला नेला.

दोन महिने लागले. भिंग लावून एकेक ओळ वाचली. एका ओळखीच्या कारखान्यात कोपऱ्यात जुना जकार्ड माग पडून होता, तो त्यांनी माझ्याकडं बघून चालू करून दिला. या वेळी आरसा नेलाच नाही. कापड उतरल्यावर पालथं करून बघितलं. तोंड जिवंत आलं होतं. मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या, गळ्याची शीर, सगळं. मला खोटं बोलवत नाही, त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. कागदात गुंडाळून सलीमभाईंकडं दिलं आणि ताकीद दिली की तिथं सगळ्यांसमोरच उघडायचं, आधी नाही. तेवढा मान मला पाहिजे होता.

रविवारी मला पण बोलावलं. अण्णा चार दिवसांनी, गुरुवारी निघणार होते. लक्ष्मीनं मला पंख्याखाली बसवलं, शेंगापोळी दिली. सलीमभाई ती गुंडाळी मांडीवर घेऊन लहान मुलासारखे हसत बसलेले. अण्णांनी रेकॉर्ड वेष्टणातनं काढली, मऊ फडक्यानं पुसली, तबकडीवर ठेवली आणि सुई उचलून अलगद टेकवली.

डाव्या हातानं.

मी बघितलं आणि सोडून दिलं. मग त्यांनी चहाची बशी उचलली, ती पण डाव्या हातानं. मी आपली बोलायला विषय म्हणून विचारलं, अण्णा, तुम्ही डावखुरे का? अबोल माणूस, पण त्या दिवशी निरोपाचा दिवस होता, बोलले. लहानपणी हातमागावर बसायचे तेव्हा वडील त्यांचा डावा हात सुताच्या लडीनं पाठीशी बांधून ठेवायचे. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी उजव्या हातानंच ओढायची. जेवायचं उजव्यानं, लिहायचं उजव्यानं. बांधलेला हात झोपताना सोडायचे, तेव्हा त्याला मुंग्या आलेल्या असायच्या. अठराव्या वर्षी जुन्या बाजारात एका हातगाडीवर त्यांना एका रेकॉर्डचं वेष्टण दिसलं. त्याच्यावर एक माणूस डाव्या हातानं गिटार वाजवत होता.

अण्णा म्हणाले, "इतक्या लोकांसमोर वाजवतोय, आणि कुनी त्याचा हात बांदला न्हाई. मला आधी तेच दिसलं, अक्का."

घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. तरी त्यांनी ती घेतली आणि वर्षभर नुसतं चित्र बघितलं. मग सलीमभाईंनी भंगारातनं एक यंत्र जोडून दिलं, तेव्हा कुठं कळलं की तो माणूस वाजवतो काय.

पोरी, मी हातातली बशी खाली ठेवली. मी त्या गुंडाळीकडं बघत होते आणि सलीमभाई तिची दोरी सोडत होते.

मी म्हटलं, सलीमभाई, थांबा जरा. एक धागा राहिलाय त्यात, मी घरी नेऊन नीट करते. ते म्हणाले, आपा, आता लाजू नका. मी उठून हात पुढं केला. तोवर त्यांनी आणि दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं दोन टोकं धरून कापड उघडलं.

रेकॉर्ड चालूच होती. सलीमभाईंचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं, कारण आता त्यांना पण दिसलं होतं. अण्णा उठून जवळ गेले. विणलेल्या माणसाच्या हातावर त्यांनी बोट ठेवलं, पोत बघतात तसं, आणि ते बोट तिथंच राहिलं.

"उजवा केलाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी केला. फोटो उलटा छापलाय असं वाटलं मला, म्हणून सरळ केला. सलीमभाईंचा काही दोष नाही.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. "आमचे नायना पन हेच म्हनायचे, अक्का. उलटं हाय, सरळ करतो." नायना म्हणजे वडील.

मग त्यांनी काठाला काठ लावून कापडाची घडी घातली, विणकराच्या घरात घालतात तशी घडी, काम सुरेख झालंय म्हणाले, आणि लक्ष्मीला माझ्यासाठी आणखी चहा सांगितला. तो चहा मी कसा प्याले ते मला आठवत नाही.

आता तुला वाटेल, एवढं काय, चित्रच तर आहे. मला पण कुणी असं म्हणावं असं वाटत होतं. पण त्या माणसाला जगात न बांधलेली अशी एकच गोष्ट सापडली होती, आणि ती मी बांधली होती. तो आता चार दिवसांनी एवढ्या लांब जाणार, सत्तरीचा माणूस, परत येईल न येईल, आणि जाताना ही गोष्ट मनात घेऊन जाणार. साठ गणपतींची भीती देवाची होती. ही माणसाची होती. ती जास्त असते, हे मला या वयात कळलं.

सोमवारी मी यंत्रापुढं बसले. ठरवलं, सगळी कार्डं नव्यानं पाडायची. दोन महिन्यांचं काम तीन दिवसांत. खुळेपणा होता, पण हात स्वस्थ बसू देईनात. दुपारपर्यंत चाळीस झाली. मंगळवारी आणखी साठ. मग सहज म्हणून ग्राफशी ताडून बघितली, तर मी मधली एक ओळ दोनदा वाचली होती. तिथनं पुढं सगळं एका ओळीनं सरकलेलं. ते विणलं असतं तर त्या माणसाचा गळा लचकला असता. मी भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. भिंगाला काही झालं नव्हतं. माझे डोळे ओळ धरत नव्हते. ज्यांचे ब्रश मी धुऊन द्यायची त्या म्हाताऱ्यांची आठवण झाली, आणि त्यांचे हात शेवटी कसे कापायचे ते डोळ्यांपुढं आलं. मी यंत्रावर फडकं टाकलं. सलीमभाईंना दोनदा फोन लावला, उचलला नाही.

बुधवारी सकाळी रिक्षा केली. कापड परत मागून घ्यायचं, एवढंच ठरवलं होतं. निदान ते घरात नको. रिक्षावाला काहीतरी बोलत होता, मला त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. अण्णांच्या दारात उभी राहिले तर आतनं रेकॉर्डचा आवाज नाही. लक्ष्मीनं दार उघडलं. डोळे सुजलेले वाटले. मला धस्स झालं, अण्णांना काही झालं की काय. ती म्हणाली, काही न्हाई अक्का, मिरच्या कुटत होते, तिकडं न्यायला.

आत गेले आणि भिंतीकडं बघून मागं सरले.

भिंतीवर एक भूत होतं. काळं तोंड, पांढरे केस, पांढऱ्या पापण्या. क्षणभर कळेचना हे काय आहे. मग दांडा दिसला. दांडा आपल्या डाव्या बाजूला होता.

अगं, दुहेरी वीण ती. आपली चादर नाही का, एका बाजूनं काळ्यावर पांढरं, तर दुसऱ्या बाजूनं पांढऱ्यावर काळं, दोन्हीकडनं अंथरता येते. मागच्या बाजूला चित्र तेच असतं, फक्त डाव्याचं उजवं आणि काळ्याचं पांढरं झालेलं. जन्मभर मी हेच काम केलं, आणि तीन दिवस भीतीनं एवढी आंधळी झाले की कापड पालटून बघायचं सुचलं नाही.

अण्णा बॅगेपाशी खाली बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, "बॅगेत ठेवायला घेतलं, तर मागची बाजू वर आली. अक्का, तो आता असाच दिसतो. पोरीनं फोनवर फोटो धाडला हाय. केस पांढरे झाले, हात मात्र डावाच."

मी भिंतीकडं बघितलं आणि मग खाली बसलेल्या माणसाकडं बघितलं. उन्हानं रापलेलं काळं तोंड, पांढरे केस, डाव्या हातात बॅगेचा पट्टा. त्यांना ते दिसलं होतं का, मला माहीत नाही.

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी बिफी राहू द्या, पुढच्या वेळी विचारा. मला हसू आलं. पुढची वेळ कुठली आता?

कापड त्यांनी नेलं नाही. म्हणाले, तिथं तो खराच बघायचाय, हे इथं राहू दे. लक्ष्मी पण बरोबर जाणार, घराला कुलूप लागणार, मग रविवारचं काय? त्यांनी यंत्र, रेकॉर्डी आणि ते कापड, सगळं माझ्याकडं पाठवलं. सलीमभाई दोन फेऱ्यांत घेऊन आले. पहिल्या फेरीला माझ्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या फेरीला बोलले. भिंतीला खिळा त्यांनीच मारला आणि कापड कुठल्या बाजूनं लावायचं हे मला तीन वेळा विचारून लावलं.

तर हा आमचा दंगा. त्या गिटारवाल्याची तब्येत बरी नाही म्हणून कार्यक्रम दोनदा पुढं गेलाय. अण्णा तिथं थांबलेत, थंडी बाधते म्हणतात. रविवारी फोन वाजला की आमच्यातला प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो, आणि कुणी तो पटकन उचलत नाही. सलीमभाई तेवढ्यापुरता आवाज बारीक करतात. अजूनपर्यंत फोन खुशालीचेच आलेत. मी मात्र प्रत्येक वेळी त्या पांढऱ्या केसांच्या भुताकडं बघते आणि म्हणते, थांब रे बाबा थोडा, आमचा माणूस आलाय तुला बघायला.

गाणं मला अजून पुरतं कळत नाही. पण मागाचा ठोका कळतो, आणि त्याच्यावर चढून कुणीतरी ओरडतंय ते कळतं.

आता तू ये. लेख मिळाला म्हणून फोन करू नकोस, नुसती ये, आणि रविवारीच ये. खिडकीशी बस, तिथनं उजेड चांगला पडतो. कापड खिळ्यावरनं काढून मी तुला दोन्ही बाजू दाखवीन. परवा सलीमभाई म्हणत होते, त्या पांढऱ्या पापणीपाशी एक भोक चुकलंय. मला काही दिसत नाही. तुझे डोळे तरुण आहेत, तू बघून सांग. पण लवकर ये बाई, अण्णा परत यायच्या आत मला ते कळायला पाहिजे.